वाचकांचे प्रश्न : मातीतील खनिजांचा ताण आणि बदलते हवामान

मागील अंकात या सदरात हवेतील वाढत्या कार्बन डायऑक्साइडविषयी एक टिपण प्रसिद्ध झाले होते. या वायूचे प्रमाण वाढल्यास वनस्पतींची वाढ अधिक जोमाने होऊ शकते, असे सांगून त्या वाक्याच्या अखेरीस ‘मातीने साथ दिली तर’ असे चार शब्द आम्ही जोडले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांनी नेमके या चार शब्दांवरच बोट ठेवले आहे, आणि ते योग्यच आहे. कारण एवढी मोठी अट एवढ्या थोडक्यात उरकायला नको होती. या वेळचे सदर म्हणून त्याच विषयाला दिले आहे. उत्तरांमध्ये ‘खनिजांचा ताण’ हा शब्दप्रयोग वारंवार येईल. एखादे आवश्यक अन्नद्रव्य मातीत अपुरे असणे, ते असूनही मुळांच्या हाती न लागणे, किंवा ॲल्युमिनियम, मँगनीज, सोडियम यांसारखे द्रव्य विषारी ठरेल इतक्या प्रमाणात असणे, या तिन्ही अवस्था त्यात येतात.

प्रश्न : कार्बन डायऑक्साइड हे वनस्पतींचे अन्नच आहे. शाळेत शिकलेल्या प्रकाशसंश्लेषणाच्या समीकरणावरून पाहिले तरी तो वाढल्यावर वाढ होणारच. मग मातीची अट मध्येच कोठून आली?

उत्तर : समीकरण बरोबर आहे, पण ते साखर तयार होईपर्यंतचेच आहे. औद्योगिक युगापूर्वी हवेत दर दहा लाख भागांमागे सुमारे २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता. आज तो ४२० भागांच्या पुढे गेला आहे. गहू, भात, सोयाबीन आणि बहुतेक सर्व वृक्ष ज्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात, त्या पद्धतीत रुबिस्को नावाचे विकर (एन्झाइम) कार्बन डायऑक्साइडऐवजी अधूनमधून ऑक्सिजनच पकडते आणि त्यात ऊर्जा वाया जाते. कार्बन डायऑक्साइड वाढला की ही चूक कमी होते आणि साखर अधिक तयार होते. येथपर्यंत मतभेद नाही.

परंतु साखर म्हणजे झाड नव्हे. साखरेत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढेच असते. त्या साखरेपासून नवे पान, नवे मूळ, नवे बी घडवायचे तर प्रथिनांसाठी नत्र (नायट्रोजन) आणि गंधक, ऊर्जेच्या देवाणघेवाणीसाठी व केंद्रकाम्लांसाठी (डीएनए, आरएनए) स्फुरद (फॉस्फरस), हरितद्रव्यासाठी मॅग्नेशियम, पेशीभित्तिकांसाठी कॅल्शियम आणि अनेक विकरांसाठी लोह व जस्त लागते, आणि हे सारे मातीतूनच यावे लागते. विटांचा ढीग दुप्पट झाला म्हणून घर दुप्पट होत नाही. चुना आणि पाणीही त्या मानाने हवे.

हे केवळ तर्काने सांगत नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्यात ओक रिज येथे खुल्या हवेत झाडांभोवती सुमारे ५५० भागांपर्यंत कार्बन डायऑक्साइड सोडून वर्षानुवर्षे नोंदी घेतल्या गेल्या. २००१ ते २००३ या काळात त्या झाडांची निव्वळ उत्पादकता साध्या हवेतील झाडांपेक्षा सुमारे २४ टक्के अधिक होती. २००८ पर्यंत तो फरक ९ टक्क्यांवर उतरला, आणि याचे मुख्य कारण नत्राची वाढती टंचाई हे होते. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या एका जुन्या निलगिरी वनातील प्रयोग तर अधिक बोलका आहे. तेथील मातीत स्फुरद अतिशय कमी आहे. वाढीव कार्बन डायऑक्साइडमुळे पानांतील प्रकाशसंश्लेषण १९ टक्क्यांनी वाढले, मात्र पहिल्या तीन वर्षांत खोडांच्या वाढीत काहीच भर पडली नाही. आत घेतलेला जादा कार्बन झाडांच्या आणि मातीतील जीवांच्या श्वसनातून बव्हंशी परत हवेत गेला.

सुरुवातीचे बरेचसे प्रयोग कुंड्यांमध्ये, भरपूर खत आणि पाणी देऊन केले गेले होते. त्यातून आलेले आकडे खोटे नव्हते. ते फक्त अशा मातीचे होते जी जगात फार थोड्या ठिकाणी आढळते. कार्ल श्प्रेंगेल यांनी १८२८ मध्ये मांडलेला आणि पुढे युस्टुस फॉन लीबिग यांच्या नावाने प्रसिद्ध झालेला ‘किमान घटकाचा नियम’ येथे अनेकांना आठवेल : जे अन्नद्रव्य गरजेच्या मानाने सर्वांत कमी, तेच वाढीची मर्यादा ठरवते. हा नियम उपयोगी आहे, पण माझ्या मते या प्रश्नापुरता तो तोकडा पडतो. कारण त्यात प्रत्येक घटक स्वतंत्र धरलेला आहे. हवामान बदलले की अन्नद्रव्यांची गरज, त्यांची उपलब्धता आणि ती शोषणारी मुळे हे तिन्ही एकाच वेळी बदलतात. पुढील उत्तरांत हेच पुन्हा पुन्हा दिसेल.

प्रश्न : धान्याचे उत्पादन वाढले तरी त्यातील पोषण घटते असे वाचले. हे परस्परविरोधी नाही का?

उत्तर : नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जपान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका येथील खुल्या हवेतील प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले गेले. सुमारे ५५० भाग कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढलेल्या गव्हाच्या दाण्यांत जस्त ९.३ टक्के, लोह ५.१ टक्के आणि प्रथिने ६.३ टक्के कमी आढळली. याचे एक कारण सरळ आहे : साखर व पिष्ट अधिक तयार झाले, खनिजे त्या प्रमाणात आली नाहीत, म्हणून त्यांचा हिस्सा घटला. तथापि, निरनिराळी खनिजे निरनिराळ्या प्रमाणात घटतात, यावरून केवळ ‘पातळ होणे’ एवढेच घडते असे म्हणता येत नाही.

दुसरे कारण पाण्याच्या वाटेवर आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड भरपूर असला की पान आपली पर्णरंध्रे (वायू व बाष्पाची ये-जा होणारी सूक्ष्म छिद्रे) कमी उघडते. खुल्या हवेतील प्रयोगांत त्यांतून होणारी वायूंची ये-जा सरासरीने सुमारे एकपंचमांश कमी झालेली दिसते. त्यामुळे पाण्याची बचत होते, परंतु मुळांकडे वाहत येणारा पाण्याचा ओघही मंदावतो. नायट्रेट, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे मुख्यतः या ओघाबरोबरच मुळांपर्यंत येतात. विशेषतः कॅल्शियम एकदा पानात पोहोचल्यावर तेथून हलत नाही. ज्या अवयवातून बाष्पोत्सर्जन कमी होते, तेथे ते कमीच पोहोचते. तिसरे कारण खुद्द वनस्पतीच्या काटकसरीचे आहे : रुबिस्को कमी असूनही काम भागत असल्यामुळे वनस्पती ते विकर कमी तयार करते, आणि पानातील नत्राचा मोठा वाटा त्यातच गुंतलेला असल्याने पानातील नत्र घटते.

प्रश्न : दुष्काळात पिके पाण्याअभावी मरतात. त्यात खनिजांचा संबंध काय?

उत्तर : या प्रश्नाला आम्ही मुद्दाम अधिक जागा देत आहोत, कारण पाणी आणि खनिजे हे दोन वेगळे विषय आहेत ही समजूत सर्वाधिक येथेच दिशाभूल करते.

स्फुरदापासून सुरुवात करू. स्फुरद मातीच्या कणांना घट्ट चिकटून असतो आणि पाण्यात विरघळलेला भाग अत्यल्प असतो. तो ओघाने येत नाही. कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून विसरणाने, म्हणजे जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे आपोआप पसरत, अतिशय मंद गतीने सरकतो. म्हणून प्रत्येक मूळ आपल्याभोवतीच्या एक-दोन मिलीमीटर मातीतलाच स्फुरद मिळवू शकते, आणि केशमुळे व मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशी यांचे महत्त्व यामुळेच आहे. माती सुकू लागली की पाण्याचे हे थर आधी पातळ होतात, मग जागोजागी तुटतात. विसरणाची वाट लांबते, वाकडीतिकडी होते. म्हणजे झाडाला पाणी कमी पडण्याच्या आधीच स्फुरद आणि पालाश (पोटॅशियम) कमी पडू लागतात. मातीचा अहवाल ‘स्फुरद मध्यम’ असे सांगत असतो, आणि मुळाच्या दृष्टीने तो जवळपास नाहीसा झालेला असतो.

आता उलट दिशेने पाहा. ज्या झाडाला स्फुरद किंवा नत्र कमी मिळते, त्याच्या मुळांची पाणी आत घेण्याची क्षमताही घटते. ज्याला पालाश कमी मिळते, त्याची पर्णरंध्रे नीट नियंत्रित होत नाहीत, कारण त्यांची उघडझाप रक्षक पेशींत पालाशाच्या ये-जा करण्यावर चालते. त्यामुळे ओलावा तितकाच असला तरी उपाशी झाड पोसलेल्या झाडाच्या आधी अडचणीत येते.

याहून अवघड पेच मुळांच्या रचनेचा आहे. स्फुरद बहुधा वरच्या थरात साचलेला असतो, कारण पालापाचोळा तेथेच कुजतो आणि खतही तेथेच पडते. कोरड्या काळात पाणी मात्र खाली असते. मुळे वर पसरावीत की खाली जावीत, हा निर्णय झाडाला एकाच मर्यादित साखरेतून घ्यावा लागतो. घेवडा आणि मका या पिकांवरील कामातून असे दिसले आहे की उथळ मुळे असलेले प्रकार स्फुरद कमी असलेल्या मातीत सरस ठरतात, तर खोल मुळे असलेले प्रकार दुष्काळात तग धरतात. जेथे स्फुरदाची कमतरता आणि दुष्काळ दोन्ही एकत्र आहेत, तेथे केवळ दुष्काळ पाहून निवडलेला वाण फसू शकतो. मातीचा उल्लेख न करता ‘दुष्काळ सहन करणारा वाण’ अशी प्रशस्ती दिली जाते, तेव्हा मला ती अर्धवट वाटते.

शेवटी ॲल्युमिनियम. ते प्रत्येक मातीत असते आणि एरवी खनिजांत बंद असल्यामुळे निरुपद्रवी असते. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) सुमारे ५ च्या खाली गेला की ते विरघळून बाहेर येते आणि काही तासांतच मुळाच्या टोकाची वाढ थांबवते. जगातील बर्फाविरहित जमिनीपैकी सुमारे ३० टक्के जमीन आम्लधर्मी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नाचे आकारमान कळते. अनेक ठिकाणी वरचा थर चुना घालून सुधारलेला असतो आणि खालचा थर आम्लधर्मीच राहिलेला असतो. मुळे त्या सीमेपर्यंत जातात आणि आखूड, जाड, फांद्याविना होऊन थांबतात. पाऊस वेळेवर पडत असतो तोवर वर काहीच कळत नाही. दोन पावसांमधले अंतर वाढले की मात्र हाताच्या अंतरावर पाणी असूनही झाड सुकते, आणि दोष पावसाला दिला जातो. काही वनस्पती मुळांच्या टोकातून मॅलिक किंवा सायट्रिक आम्लाचे क्षार सोडून ॲल्युमिनियमला बांधून टाकतात. गव्हातील अशा सहनशीलतेमागचे जनुक २००४ मध्ये ओळखले गेले. असा वाण आम्लधर्मी मातीत दुष्काळालाही अधिक तोंड देतो, आणि तरी त्याची नोंद दुष्काळाच्या रकान्यात होत नाही.

प्रश्न : तापमान वाढले की मातीतील सेंद्रिय पदार्थ लवकर कुजतील आणि अन्नद्रव्ये अधिक मिळतील. हा तरी फायदा मानावा ना?

उत्तर : थंड प्रदेशांतील काही मातींत तो खरा फायदा आहे. तेथे नत्र सेंद्रिय पदार्थात अडकलेले असते आणि ऊब मिळाली की मोकळे होते. ओलावा पुरेसा असेल तर तापमान दहा अंशांनी वाढल्यावर कुजण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. पण या हिशेबात तीन गोष्टी सुटतात. पहिली, मोकळे झालेले नत्र पिकाला हवे त्याच वेळी मोकळे होईल असे नाही. शेत रिकामे असताना ते झाले तर पावसाबरोबर खाली निघून जाते. दुसरी, स्फुरदाचा मोठा भाग लोह, ॲल्युमिनियम किंवा कॅल्शियम यांच्याशी बांधलेला असतो आणि कुजण्याचा वेग वाढल्याने तो सुटत नाही. नत्र वाढते, स्फुरद तेवढाच राहतो. टंचाई संपत नाही, तिचे नाव बदलते. तिसरी, सेंद्रिय कर्बाचा साठा आज जलद खर्च झाला तर ओलावा आणि अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची मातीची ताकद उद्या कमी होते.

वेळेचाही एक विरोध आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. उष्णतेमुळे पिके लवकर फुलतात आणि लवकर पिकतात, म्हणजे अन्नद्रव्ये गोळा करण्याचे दिवस कमी होतात. स्फुरदाची कमतरता असलेली अनेक पिके याच्या नेमकी उलट वागतात : त्यांचे फुलणे लांबते, आणि त्या लांबलेल्या काळात मुळे आणखी थोडा स्फुरद मिळवतात. ही सवलत उष्णता काढून घेते. उलट, फुलोरा लांबलेले पीक हंगामाच्या अखेरच्या उष्ण, कोरड्या दिवसांत सापडले तर ते दोन्हीकडून नाडले जाते.

प्रश्न : अतिवृष्टीत खते वाहून जातात, एवढेच होते की आणखी काही?

उत्तर : आणखी बरेच. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, म्हणून पाऊस पडतो तेव्हा तो अधिक जोराने पडण्याची शक्यता वाढते. असा पाऊस स्फुरद आणि सेंद्रिय कर्ब यांनी समृद्ध असलेला वरचा थरच खरवडून नेतो. खाली झिरपणारे नायट्रेट एकटे जात नाही. विद्युतभाराचा तोल राखण्यासाठी ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरोबर घेऊन जाते. हे वर्षानुवर्षे चालले की मातीची आम्लता वाढते आणि दुष्काळाच्या उत्तरातील ॲल्युमिनियम दाराशी येऊन उभे राहते.

पाणी साचून राहिले तर रसायनशास्त्रच पालटते. मुळे आणि सूक्ष्मजीव मिळून मातीतला ऑक्सिजन थोड्याच काळात संपवतात. त्यानंतर सूक्ष्मजीव श्वसनासाठी आधी नायट्रेट वापरतात, मग मँगनीजची ऑक्साइडे, मग लोहाची, आणि शेवटी सल्फेट. नायट्रेट वायुरूपाने उडून जाते. मँगनीज आणि लोह विरघळून विषारी पातळीला पोहोचू शकतात. याच वेळी लोहाला बांधलेला स्फुरद मात्र काही काळ मोकळा होतो. भातासारख्या पिकाला त्याचा लाभ मिळतो, कारण ते आपल्या पोकळ ऊतींमधून मुळांपर्यंत हवा पोहोचवते. इतर बहुतेक पिकांची मुळे तोवर गुदमरलेली असतात. साचलेल्या पाण्यानंतर लगेच कडक ऊन पडले तर मँगनीजचे विष अधिक जाणवते, कारण पानात जादा मँगनीज आणि जादा प्रकाश दोन्ही मिळून घातक ऑक्सिजन रेणूंची निर्मिती वाढवतात.

प्रश्न : कडक उन्हात झाडाची पाने पिवळी पडतात, पण दुसऱ्या पानाच्या सावलीत असलेला त्याच पानाचा भाग हिरवा राहतो. हा उन्हाचा परिणाम की खताचा?

उत्तर : निरीक्षण उत्तम आहे, आणि उत्तर ‘दोन्हींचा’ असे आहे. मॅग्नेशियम, पालाश किंवा जस्त कमी असले की पान आलेल्या प्रकाशाचा पूर्ण उपयोग करू शकत नाही. मॅग्नेशियम व पालाश यांच्या अभावी तयार झालेली साखर पानातून बाहेर जात नाही, ती साचते, आणि वर येणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा ऑक्सिजनवर जाऊन हरितद्रव्य नष्ट करते. सावलीतल्या भागावर हा भार पडत नाही. अशा पानांचा काही भाग झाकून प्रयोगशाळेतही हेच दाखवले गेले आहे.

प्रश्न : समुद्राची पातळी वाढल्याने किनाऱ्यालगतची जमीन खारी होईल. वाढलेला कार्बन डायऑक्साइड त्यावर उतारा ठरेल काय?

उत्तर : अंशतः. पर्णरंध्रे कमी उघडल्याने पाणी कमी ओढले जाते आणि त्याबरोबर येणारे मीठही कमी येते. पण उष्णता वाढल्याने जमिनीवरून होणारे बाष्पीभवन वाढते आणि खालचे क्षार वर येतात. सोडियम पालाशाच्या शोषणात अडथळा आणते ते वेगळेच. उतारा विषापेक्षा दुबळा आहे.

प्रश्न : मग पुरेसे खत घालणे हा सरळ उपाय नव्हे काय?

उत्तर : जेथे खताचा वापर फारच कमी आहे, तेथे तो उपाय आहेच आणि त्याला कमी लेखू नये. परंतु नत्रखताचा काही भाग मातीत नायट्रस ऑक्साइड बनतो, आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमानवाढ करणारा आहे. स्फुरद धरून ठेवणाऱ्या मातीत घातलेला बराचसा स्फुरद त्या हंगामात पिकाला मिळत नाही. आम्लधर्मी खालच्या थरावर तर खताचा काहीच उपयोग नाही. तेथे चुना हवा, आणि चुना अतिशय हळू खाली उतरतो. जिप्सम अधिक विद्राव्य असल्यामुळे त्यातील कॅल्शियम खोलवर जाते व ॲल्युमिनियमचा त्रास कमी करते, जरी सामू त्याने फारसा बदलत नाही. कडधान्ये व शेंगवर्गीय पिके हवेतील नत्र स्थिर करतात आणि वाढीव कार्बन डायऑक्साइडला चांगला प्रतिसाद देतात हे खरे. पण त्यांच्या मुळांवरील गाठींना स्फुरद, लोह आणि मॉलिब्डेनम लागते. ते नसेल तर हा प्रतिसादही विरून जातो.

प्रश्न : आपल्या जमिनीत असा लपलेला ताण आहे का, हे सामान्य माणसाने कसे ओळखावे?

उत्तर : नेहमीच्या माती परीक्षणासाठी वरच्या १५ ते २० सेंटिमीटरचा नमुना घेतला जातो. त्याच्या जोडीला ४० ते ६० सेंटिमीटर खोलीवरचा वेगळा नमुना घ्यावा आणि दोन्हींचा सामू व विद्युत वाहकता पाहावी. दोन्ही नमुने एकत्र मिसळू नयेत, कारण सरासरी निघाली की दोष झाकला जातो. शक्य असल्यास वाढत्या पिकाच्या शेजारी फावड्याने एक खड्डा खणून मुळे कोठपर्यंत गेली आहेत ते डोळ्यांनी पाहावे. ती एखाद्या रेषेवर अचानक थांबली असतील आणि तेथे कठीण थर किंवा साचलेले पाणी नसेल, तर त्या रेषेखालची मूठभर माती वेगळी बांधून प्रयोगशाळेत द्यावी आणि तिच्यातील विनिमयक्षम (मातीच्या कणांवरून सुटून मुळांपर्यंत पोहोचू शकणारे) ॲल्युमिनियम मोजून मागावे.